अबू रैहान अल-बीरूनी : ख्वारिझम ते गझनी

अबू रैहान मुहम्मद इब्न अहमद अल-बीरूनी याचा जन्म सप्टेंबर ९७३ मध्ये ख्वारिझमची राजधानी काथ येथे झाला. अरल समुद्राच्या दक्षिणेला, आमू दर्या नदीच्या काठी वसलेल्या या मुलखातले काथ आज उझबेकिस्तानातील कराकलपाकस्तानात मोडते. फारसीत ‘बीरून’ म्हणजे बाहेर. मूळ शहराबाहेरच्या वस्तीतला म्हणून तो ‘बीरूनी’. मराठी वाचकांना तो ‘अल्बेरुनी’ या नावाने भेटतो. पण गझनीच्या महमुदाच्या काळात हिंदुस्थानाचे वर्णन लिहिणारा परदेशी, एवढ्यावरच ही ओळख बहुधा थांबते. प्रत्यक्षात खगोल, गणित, भूगोल, कालगणना, खनिजे, औषधी आणि परधर्मांचा अभ्यास या सगळ्या क्षेत्रांत त्याने मूळ स्वरूपाचे काम केले. या साऱ्या लेखनात एक सवय सारखी दिसते. निष्कर्ष सांगताना तो ज्या वाटेने तिथवर आला ती वाटही लिहून ठेवतो. म्हणूनच त्याच्या चुकासुद्धा पुढच्या अभ्यासकांना उपयोगी पडल्या.

बालपण आणि शिक्षण

बीरूनीची मातृभाषा ख्वारिझमी होती. ही इराणी कुळातली भाषा पुढे लोप पावली. अरबी आणि फारसी या दोन्ही भाषा त्याला शिकून घ्याव्या लागल्या, आणि शास्त्रीय लेखनासाठी त्याने अरबीला पसंती दिली. लहानपणीची एक आठवण त्याने उतारवयात लिहिलेल्या औषधींवरील ग्रंथात नोंदवली आहे. ख्वारिझममध्ये एक ग्रीक माणूस येऊन राहिला होता. लहानगा बीरूनी धान्ये, बिया, फळे, झाडपाला असे हाती लागेल ते त्याच्याकडे घेऊन जाई, त्याच्या भाषेत त्याला काय म्हणतात ते विचारी आणि लिहून ठेवी. त्याच्या पुढच्या सगळ्या कामाची रीत या छंदातच दिसते. आधी वस्तू पाहायची, मग तिचे नाव ज्याचे त्याच्या तोंडून ऐकायचे आणि लगेच टिपून ठेवायचे.

अबू नस्र मन्सूर इब्न इराक हा त्याचा गुरू. तो ख्वारिझमच्या राजघराण्यातला होता आणि गोलीय त्रिकोणमितीतला मोठा गणिती होता. या गुरूने पुढे आपले अनेक लघुग्रंथ शिष्यासाठी लिहिले. विशीच्या आतच बीरूनी सूर्याच्या वेधांवरून काथचे अक्षांश काढू लागला होता.

स्थलांतराची वर्षे

९९५ मध्ये ख्वारिझममध्ये सत्तापालट झाला. गुरगंजच्या मामूनी घराण्याने काथची जुनी राजवट उलथवली आणि बीरूनीला गाव सोडून पळावे लागले. तो आजच्या तेहरानजवळच्या रय शहरी पोचला. तिथे अल-खुजंदी या खगोलज्ञाने ९९४ मध्ये सूर्यवेधासाठी सुमारे २० मीटर त्रिज्येचे भव्य यंत्र बांधले होते. इतक्या मोठ्या यंत्रावरही क्रांतिवृत्ताचा कल अपेक्षेपेक्षा कमी आला, तेव्हा कल खरोखरच घटतो आहे असा अर्थ खुजंदीने लावला. बीरूनीने खुद्द त्याच्याशी बोलून कारण शोधले. वेधाच्या काळातच बांधकाम किंचित खचले होते आणि प्रकाश आत घेणारे छिद्र जागेवरून सरकले होते. यंत्र मोठे म्हणजे वेध अचूक, हा समज त्याने इथे तपासून बाजूला ठेवला.

२४ मे ९९७ रोजी चंद्रग्रहण होते. त्या वेळी बीरूनी पुन्हा काथला आला होता आणि प्रसिद्ध गणिती अबूल-वफा बगदादला होता. दोघांनी आधी ठरवून एकाच ग्रहणाचे वेध घेतले. चंद्रग्रहण सगळीकडून एकाच क्षणी दिसते. फरक पडतो तो प्रत्येक ठिकाणच्या स्थानिक वेळेत. पृथ्वीचे ३६० अंश चोवीस तासांत वाटले की एका तासाला १५ अंश येतात. दोन्ही ठिकाणच्या वेळांत सुमारे एका तासाचा फरक निघाला, म्हणजे दोन शहरांच्या रेखांशांत सुमारे १५ अंशांचे अंतर. आजच्या मोजणीने हा फरक १६ अंशांच्या आसपास आहे.

इ. स. १००० च्या सुमारास कॅस्पियन समुद्राजवळच्या गुरगानमध्ये, काबूस इब्न वुश्मगीर या राज्यकर्त्याच्या आश्रयाने, त्याने ‘अल-आसार अल-बाकिया’ हा पहिला मोठा ग्रंथ पुरा केला. तेव्हा त्याचे वय सत्तावीस होते. पारशी, सोग्दी, ख्वारिझमी, ज्यू, सीरियाई ख्रिस्ती, ग्रीक आणि अरब अशा अनेक लोकांच्या कालगणना, सणवार आणि राजावळ्या यात शेजारीशेजारी मांडल्या आहेत. ख्वारिझमच्या जुन्या पंचांगाची आपल्याला असलेली माहिती बऱ्याच अंशी याच ग्रंथावर उभी आहे. आठव्या शतकात अरब सेनापती कुतैबाने ख्वारिझम जिंकताना तिथली लिपी आणि परंपरा जाणणाऱ्यांचा नाश केला, त्यामुळे स्वतःच्या प्रदेशाचा इतिहासही सांगता येईनासा झाला, हे त्याने याच ग्रंथात स्पष्ट लिहिले. विजेते आपल्या धर्माचे होते म्हणून त्याने ही नोंद सौम्य केली नाही.

याच काळात इब्न सीनाशी त्याचा पत्रव्यवहार झाला. पुढे जगप्रसिद्ध झालेला हा वैद्य आणि तत्त्वज्ञ त्याच्याहून सात वर्षांनी लहान. बीरूनीने त्याला अठरा प्रश्न धाडले, त्यांतले दहा ॲरिस्टॉटलच्या आकाशविषयक ग्रंथावरचे होते. आपल्या जगाखेरीज दुसरी जगे असणे का अशक्य मानायचे, असे त्याने विचारले. थंडीने पदार्थ आकसतात, तर बर्फ पाण्यावर तरंगतो कसा, हेही विचारले. पाणी गोठल्यावर बाटली फुटते, हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. सिद्धांत एक सांगतो आणि फुटलेली बाटली दुसरेच, तेव्हा बीरूनीचा कौल बाटलीच्या बाजूने पडे. इब्न सीनाची उत्तरे त्याला पटली नाहीत. वाद वाढत गेला आणि शेवटी इब्न सीनाच्या वतीने त्याचा शिष्य उत्तरे देऊ लागला.

गझनीचा दरबार

१००४ च्या सुमारास बीरूनी ख्वारिझमला परतला. मामून इब्न मामून या शाहाच्या दरबारात त्याला सन्मान मिळाला, आणि राजकारणाची कामेही गळ्यात पडली. १०१७ मध्ये बंडखोर सैन्याने शाहाला ठार केले. तेच निमित्त करून गझनीच्या सुलतान महमुदाने ख्वारिझम जिंकले. पराभूत राज्यातल्या इतरांबरोबर बीरूनीला आणि त्याच्या गुरूला गझनीला नेण्यात आले. इब्न सीना ख्वारिझममधून आधीच निसटला होता. बीरूनी मात्र यानंतर उरलेल्या आयुष्यात बहुतेक काळ गझनीच्याच छायेत राहिला.

महमुदाशी त्याचे संबंध कधीच मोकळे नव्हते. सुरुवातीचे दिवस तर फारच ओढगस्तीचे गेले असावेत. ऑक्टोबर १०१८ मध्ये तो काबूलजवळच्या एका खेड्यात होता. हाताशी एकही वेधयंत्र नव्हते. त्याने हिशेबाची पाटी घेतली, तिच्या मागच्या बाजूवर वर्तुळाचा कंस आखून अंश पाडले, ओळंब्याच्या आधाराने ती सरळ धरली आणि सूर्याची उंची मोजून त्या जागेचे अक्षांश काढले. १०२५ मध्ये पुरा झालेल्या ‘तहदीद’ या ग्रंथात हा प्रसंग येतो. ठिकाणांचे अक्षांश-रेखांश कसे ठरवावेत हा या ग्रंथाचा विषय. गझनीहून मक्केची दिशा नेमकी काढणे हे त्यातले एक उद्दिष्ट होते, आणि त्यासाठी बगदादपासून गझनीपर्यंतच्या शहरांमधली अंतरे टप्प्याटप्प्याने जोडत नेलेली आहेत.

नंदना किल्ल्यावरून पृथ्वीचे मोजमाप

बीरूनीचे सर्वांत गाजलेले मोजमाप नंदना येथे झाले. आज पाकिस्तानातील पंजाबात, झेलम जिल्ह्यातल्या मिठाच्या डोंगररांगेत हा किल्ला आहे. समोर सपाट मैदान दूरवर पसरलेले दिसते.

नवव्या शतकात खलिफा अल-मामूनच्या खगोलज्ञांनी पृथ्वीचा आकार काढण्यासाठी वाळवंटात सरळ रेषेत चालत जाऊन एका अंशाचे अंतर मोजले होते. त्यासाठी माणसे, वेळ आणि खर्च बराच लागला. बीरूनीने एकट्याला जमेल अशी रीत वापरली. प्रथम मैदानातून कोन मोजून डोंगराची उंची काढली. ती ६५२ हातांहून किंचित अधिक भरली. मग माथ्यावर जाऊन क्षितिजाकडे पाहिले. पृथ्वी गोल असल्यामुळे उंचावरून पाहताना क्षितिज डोळ्याच्या आडव्या पातळीच्या थोडे खाली दिसते. हा उतार त्याने ३४ कला, म्हणजे अर्ध्या अंशाहून जरासा जास्त, एवढा मोजला. उंची आणि हा एक कोन माहीत झाला की पाहणाऱ्याचा डोळा, क्षितिजबिंदू आणि पृथ्वीचे केंद्र यांचा काटकोन त्रिकोण सुटतो. उत्तर आले सुमारे १ कोटी २८ लाख हात. ही पृथ्वीची त्रिज्या.

हे उत्तर आधुनिक मूल्याशी जवळजवळ तंतोतंत जुळते, असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. ते सावधपणे घ्यायला हवे, कारण जुळणी किती हे ‘हात’ नेमका किती सेंटिमीटरांचा मानायचा यावर ठरते. शिवाय इतका लहान कोन मोजताना एका कलेची चूक झाली तरी त्रिज्या सुमारे ६ टक्क्यांनी बदलते, आणि हवेतून येताना प्रकाश वाकतो त्याचा परिणाम वेगळाच. बीरूनीचे मोठेपण शेवटच्या आकड्याच्या अचूकतेत शोधू नये. एक डोंगर, एक कोनमापक आणि त्रिकोणमिती एवढ्या भांडवलावर पृथ्वी मोजता येते, हे त्याने करून दाखवले. स्वतः मात्र त्याने आपले उत्तर जुन्या मोजणीशी ताडून पाहिले.

हिंदुस्थानावरील ग्रंथ

सीमेपलीकडच्या या मुलखात बीरूनीने आणखी एक अवघड काम अंगावर घेतले. चाळिशी ओलांडल्यावर तो संस्कृत शिकू लागला. एका शब्दाचे अनेक अर्थ, एका वस्तूची अनेक नावे, अरबी तोंडाला न जमणारे उच्चार, निष्काळजी लेखनिकांनी बिघडवलेल्या पोथ्या आणि परक्याबद्दलचा संशय, अशा अडचणी त्याने एकेक करून नोंदवल्या आहेत. पंडितांसमोर तो आरंभी शिष्यासारखा बसे. पुढे गणिताची कारणे तोच समजावून सांगू लागला, तेव्हा त्यांना हा कुणी जादूगार वाटला आणि आपसांत ते त्याला ज्ञानाचा सागर म्हणू लागले.

पतंजलीच्या योगावरील आणि सांख्यमतावरील ग्रंथ त्याने अरबीत आणले. उलट दिशेनेही खटपट केली. युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचा खगोलग्रंथ संस्कृत श्लोकांत उतरवण्याचे काम त्याने हाती घेतले होते. या सगळ्या तयारीतून १०३० च्या सुमारास ‘किताब अल-हिंद’ सिद्ध झाला. ऐंशी प्रकरणांच्या या ग्रंथात ईश्वर, आत्मा आणि मोक्ष यांच्या कल्पना आहेत, वेद-पुराणे आणि छंदशास्त्र आहे, लिपी, अंक, वजनमापे, भूगोल, ग्रहगणित, कालमापन, वर्णव्यवस्था, विवाह, दान, उपवास आणि सणही आहेत. भगवद्गीता, विष्णुपुराण, वायुपुराण, ब्रह्मगुप्त आणि वराहमिहिर यांचे आधार पानोपानी येतात. अरबांनी वापरात आणलेले अंक भारतीय आहेत हेही त्यात नोंदलेले आहे.

ग्रंथाची भूमिका त्याने आरंभीच सांगितली. हे खंडनमंडनाचे पुस्तक नाही. हिंदू आपल्याबद्दल जे मानतात ते त्यांच्याच ग्रंथांच्या आधारे मांडायचे, आणि तुलनेसाठी ग्रीकांची मते शेजारी ठेवायची. मूर्तिपूजेवर लिहिताना त्याने शिकलेल्यांची समजूत आणि सामान्यांची समजूत वेगळी केली, आणि असा फरक प्रत्येक समाजात असतो हेही बजावले. टीका करायची तिथे तो कचरला नाही. ग्रहणाचे खरे कारण ब्रह्मगुप्ताला ठाऊक होते, त्याचे गणितही तो अचूक देतो. तरी राहूच्या कथेची बाजू घेऊन त्याने आर्यभटाला दोष दिला, याचा बीरूनीला खेद वाटला. जाणत्या माणसाने लोकांच्या दबावाखाली जे माहीत आहे ते झाकले, असा त्याचा रोख होता. महमुदाच्या स्वाऱ्यांनी हा भरभराटीचा देश उद्ध्वस्त केला, माणसे धुळीच्या कणांसारखी विखुरली आणि हिंदूंच्या विद्या काश्मीर व वाराणसीसारख्या दूरच्या ठिकाणी निघून गेल्या, असेही त्याने लिहिले. महमुदाच्याच राजधानीत बसून हे लिहायला धैर्य लागले असणार.

त्याचे स्वतःचे पाहणे पंजाब आणि वायव्येपुरते होते. लाहोर, मुलतान, सियालकोट, पेशावर, नंदना ही त्याने अक्षांश मोजलेल्या गावांपैकी काही. त्यापलीकडची माहिती पोथ्यांतून आणि प्रवाशांकडून मिळालेली होती. माळव्यातल्या धारहून दक्षिणेकडे निघालेल्या वाटेचे टप्पे देताना त्याने महरट्टदेशाचा उल्लेख केला आणि त्यापुढे समुद्रकाठचा कोकण प्रांत व त्याची राजधानी ठाणे यांचा. गुजरातेतून किनाऱ्याने खाली येणाऱ्या वाटेवर सोपारा आणि ठाणे ही बंदरे नोंदली आहेत. तेव्हा उत्तर कोकणात शिलाहारांचे राज्य होते. गझनीत बसलेल्या माणसापर्यंत हे तपशील पोचले, यावरून त्या काळच्या व्यापारी वाटा किती दूरवर जात होत्या ते कळते.

निसर्गाचे त्याचे निरीक्षण तितकेच सूक्ष्म होते. उत्तर भारताच्या मैदानात खोदले तर डोंगराजवळ, जिथे नद्या जोराने वाहतात तिथे, मोठे गोटे सापडतात. दूर, प्रवाह मंदावतो तिथे ते लहान होत जातात. आणि समुद्राजवळ नद्या साकळतात तिथे नुसती वाळू उरते. गोट्यांच्या या उतरत्या आकारावरून त्याने अनुमान केले की हे मैदान एके काळी समुद्र असावा आणि नद्यांच्या गाळाने तो भरून आला असावा. हिमालयाच्या पायथ्याचे मैदान नद्यांच्या गाळाने बनले आहे, हे आजचे भूशास्त्रही सांगते.

उत्तरायुष्यातील ग्रंथ

१०२९ मध्ये त्याने ‘अत-तफहीम’ हे प्रवेशपुस्तक लिहिले. भूमिती, अंकगणित, खगोल आणि फलज्योतिष हे विषय त्यात प्रश्नोत्तरांच्या रूपाने समजावले आहेत. ख्वारिझमच्या रैहाना बिन्त हसन या स्त्रीसाठी ते रचले गेले, आणि त्याची अरबी व फारसी अशी दोन्ही रूपे उपलब्ध आहेत.

१०३० मध्ये महमूद वारला आणि त्याचा मुलगा मसूद गादीवर आला. त्याच्या काळात बीरूनीला स्वास्थ्य लाभले. ‘अल-कानून अल-मसऊदी’ हा अकरा भागांचा खगोलाचा महाग्रंथ त्याने मसूदला अर्पण केला. त्याबद्दल सुलतानाने हत्तीवर लादून चांदी पाठवली आणि बीरूनीने ती परत केली, अशी आख्यायिका आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते की आकाश फिरते, हा प्रश्नही त्याने वेगवेगळ्या ग्रंथांत तपासला. ग्रहगणित दोन्ही रीतींनी सारखेच चालते, हे त्याने मान्य केले. तरी त्याचा कौल स्थिर पृथ्वीकडेच राहिला.

धातू आणि रत्ने यांच्या अभ्यासात त्याने निमुळत्या तोंडाचे एक भांडे वापरले. ते काठोकाठ पाण्याने भरायचे, पदार्थ आत सोडायचा आणि बाजूच्या नळीतून सांडलेले पाणी तोलायचे. पदार्थाच्या वजनाला त्या पाण्याच्या वजनाने भागले की विशिष्ट गुरुत्व मिळते. सोन्यासाठी त्याला १९ च्या आसपासचा आकडा मिळाला. आजचे मूल्य १९.३ आहे. भेसळ ओळखायला ही रीत सराफालाही उपयोगी पडणारी होती. बाराव्या शतकात अल-खाझिनीने तराजूवरच्या आपल्या ग्रंथात हे आकडे जतन केले. औषधींवरील ‘किताब अस-सैदना’ हे त्याचे अखेरचे मोठे काम. त्यात औषधींची नावे अनेक भाषांत दिली आहेत. ग्रीक पाहुण्याकडे बिया घेऊन जाणाऱ्या मुलाचा छंद उतारवयातही सुटला नव्हता.

बीरूनीचा मृत्यू गझनीत १०४८ च्या सुमारास झाला असे मानतात. काही अभ्यासक तो १०५० नंतरचा ठरवतात. चरित्रकार याकूतने त्याच्या अंतकाळची एक गोष्ट दिली आहे. भेटीला आलेल्या एका धर्मशास्त्र्याला बीरूनीने वारसाहक्काचा एक कूट मुद्दा विचारला. अशा घडीला हे कशाला, असे त्या गृहस्थाला वाटले. पण न जाणता जग सोडण्यापेक्षा जाणून सोडलेले बरे, असे बीरूनीचे म्हणणे पडले. मुद्दा समजावून शास्त्री घराबाहेर पडतो न पडतो तोच आतून रडण्याचा आवाज आला.

वारसा

बीरूनीच्या नावावर सुमारे १४६ ग्रंथ नोंदले गेले आहेत. त्यांतले जेमतेम २२ आज उपलब्ध आहेत. इब्न सीनाचे ग्रंथ मध्ययुगातच लॅटिनमध्ये गेले आणि युरोपच्या विद्यापीठांत शिकवले गेले. बीरूनीच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. त्याचे गणित कठीण होते, आणि वैद्यकासारखा मोठा वाचकवर्ग त्याच्या विषयांना नव्हता. मुस्लिम जगातल्या खगोलज्ञांनी मात्र त्याला कायम वाचले.

युरोपला त्याची नीट ओळख झाली ती जर्मन पंडित एडुआर्ड झाखाउ याच्यामुळे. त्याने १८७८ मध्ये ‘आसार’ आणि १८८७ मध्ये ‘किताब अल-हिंद’ अरबीत संपादित केले आणि दोन्हींची इंग्रजी भाषांतरे दिली. १९७३ मध्ये बीरूनीची सहस्राब्दी अनेक देशांत साजरी झाली. चंद्राच्या पलीकडच्या बाजूवरील एका विवराला त्याचे नाव आहे, आणि त्याच्या जन्मस्थळाजवळचे गाव आज बेरुनी म्हणून ओळखले जाते.

भारताच्या इतिहासलेखनाला त्याची सर्वांत मोठी मदत झाली ती कालगणनेत. ‘किताब अल-हिंद’ मध्ये त्याने तुलनेसाठी एकच प्रमाण वर्ष धरले आणि ते निरनिराळ्या संवतांत कितवे येते ते दिले. शके ९५३, विक्रम संवत १०८८, गुप्त संवत ७१२. गुप्त संवत शकानंतर २४१ वर्षांनी सुरू होतो, असे त्याने स्पष्ट लिहिले. शकाचे ७८ त्यात मिळवले की इ. स. ३१९ येते. सोबत त्याने ऐकलेली हकिकतही दिली, की हा संवत दुष्ट गुप्त राजांच्या अंतापासून मोजला जातो. या हकिकतीमुळे एकोणिसाव्या शतकातल्या विद्वानांत मोठा वाद माजला, कारण ती खरी मानली तर गुप्तांचा सारा काळ इ. स. ३१९ च्या मागे ढकलावा लागे. डॉ. रा. गो. भांडारकरांनी दख्खनच्या प्राचीन इतिहासावरील आपल्या ग्रंथात या प्रश्नासाठी स्वतंत्र परिशिष्ट जोडले, आणि पुराभिलेखतज्ज्ञ फ्लीटने मंदसोरच्या शिलालेखाच्या आधारे १८८८ मध्ये निर्णय पक्का केला. संवत गुप्तांच्या अंताचा नसून उदयाचा होता. ऐकीव कथा चुकीची ठरली आणि २४१ हा आकडा टिकला. बीरूनीने दोन्ही वेगवेगळे नोंदले होते, म्हणूनच साडेआठशे वर्षांनी एक टाकून दुसरे ठेवता आले.